डावीकडे कललेलं पातं

नीन्केने मचाणावर उभं राहून वरच्या पात्याचा शेवटचा पांढरा ठोकळा बसवला, भराभर खाली उतरली आणि गवतात मागे मागे सरकत बघितलं. झालं सरळ. एक पातं बरोबर वर, एक बरोबर खाली, दोन आडवी, अगदी अधिकच्या चिन्हासारखी. काल संध्याकाळीही ती अशीच होती की! आणि आज शाळेतून येऊन कॉम्प्युटर लावते तर वरचं पातं डावीकडे कललेलं, खालचं उजवीकडे, उरलेली दोन त्यांच्यामागोमाग. जरासंच, पण डोळ्यात कुसळ गेल्यासारखं खुपत होतं.

आता ही पवनचक्की काही फिरणारी नव्हती. ठोकळ्यांच्या गेममधली ती, नुसती शोभेची, तिथे वारा कुठला यायला? म्हणजे पाती आपोआप कलणं शक्यच नाही. कुणीतरी एकेक ठोकळा उपटून, एकेक शेजारी लावून ती कलवली होती, आणि एवढी मेहनत घेऊन जो खोडी काढतो तो माणूस साधा नसतो.

त्या जगात यायची मुभा फक्त तिघांना. एक नीन्के. दुसरा हिद्दे, ज्याच्या कॉम्प्युटरवर ते सगळं जग ठेवलेलं होतं. आणि तिसरा सीब्रेन, जो उन्हाळ्यात आईबरोबर पार दक्षिणेला, अर्धा दिवस आगगाडीत बसावं लागेल इतका लांब राहायला गेला. तेव्हापासून त्याची भेट व्हायची ती इथेच, या चौकोनी गवतावर.

हिद्देला विचारलं तर तो म्हणाला, भूत असेल. मग तिचा आवाज ऐकून जरा सरळ झाला.

"मी कशाला हलवू? मला खोडी काढायची असती तर मी तुझ्या पात्यांना कोंबड्या बांधल्या असत्या."

हे पटण्यासारखं होतं. हिद्दे जिथे जाईल तिथे कोंबड्या घेऊनच जायचा.

म्हणजे उरला सीब्रेन. आणि एकदा संशय आला की काय, सगळंच जुळायला लागतं. रविवारपासून त्याचा माइक बंद होता, बिघडलाय म्हणे. विचारलं तर 'हो', 'नाही', 'बघू' एवढंच लिहायचा. दोघं आत आली की हा लगेच बाहेर. आणि मंगळवारी भर सकाळी, शाळेच्या वेळात, तो आत येऊन गेल्याचं हिद्देला दिसलं होतं. त्याच्या गावात शाळा नसते का मंगळवारी?

हिद्देचं म्हणणं, जळतोय तो. कारण नीन्केने ही चक्की बांधली होती ती सीब्रेनच्या आजोबांच्या चक्कीवरून. तिकडे तळ्याकाठच्या गावी ते दर शनिवारी चक्की चालवायचे, आणि त्या चक्कीचा फोटो सीब्रेननेच मागे कधीतरी पाठवला होता. आता गावच्या वाचनालयात मोठ्या पडद्यावर या ठोकळ्यांच्या चक्कीचं चित्र लागणार, खाली नाव नीन्केचं. चक्की आजोबांची आणि कौतुक हिचं, मग पोटात दुखणारच.

नीन्केला आधी ते खरं वाटलं नाही. पण दुसऱ्या दिवशी पातं पुन्हा डावीकडे. तिने पुन्हा सरळ केलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग तिचं डोकं फिरलं. तुला वाकडंच हवंय ना, घे मग, म्हणत तिने स्वतःच्या हाताने सगळी पाती उलट्या बाजूला, उजवीकडे कलवून ठेवली आणि जेवायला गेली.

दुसऱ्या दिवशी चक्कीला पातीच नव्हती. नुसता बोडका बुरूज, आणि खाली गवतात लोकरीचे पांढरे ठोकळे विखुरलेले.

"बास झालं," हिद्दे म्हणाला. "जेवण झालं की यादीतून त्याचं नाव काढून टाकतो. त्याने बांधलेलं होडीघरसुद्धा पाडतो. तू हो म्हण फक्त."

नीन्के म्हणाली, काढ.

जेवायला बटाटा आणि केलची पालेभाजी एकत्र घोटलेली, वर सॉसेज. नीन्केने काटा नुसता फिरवत आईला सगळी कहाणी सांगितली, आणि पुरावा म्हणून टॅब्लेटच पुढे सरकवला. रोजच्या कामाचा रोज फोटो काढायची तिला सवयच होती. आईने एका हाताने चष्मा वर सारत पहिला फोटो बघितला, डावीकडे कललेल्या पात्याचा.

"कोण वारलं?"

"कुणी नाही. म्हणजे काय?"

आई म्हणाली, तिच्या लहानपणी गावात चक्की होती ना, तेव्हा हे शेंबड्या पोरालाही कळायचं. चक्कीवाल्याच्या घरात कुणी गेलं की पातं माथ्यावरून जरासं उतरलं की थांबवतात, आणि माती देऊन होईपर्यंत तसंच ठेवतात. गेलं, असं सांगायचं असतं. बोलता बोलता तिने पुढचा फोटो काढला आणि हसली.

"आणि हे काय, लगेच बाळाच्या बडीशेपेच्या गोळ्या वाटायच्या? बाळ झालं की काय कुणाला? पातं माथ्याकडे येता येता थांबवलंय."

"ते मी केलं," नीन्के म्हणाली.

आईचं हसू तसंच राहिलं थोडा वेळ. मग तिने विचारलं, ही कुणाची चक्की बघून बांधलीस. नीन्केने सांगितलं. आईने टॅब्लेट हळूच खाली ठेवला.

"त्या चक्कीला आता पाती कुठायत, बाळा. वसंतातच दुरुस्तीला उतरवून नेली. अजून आली नाहीत. आजोबाच गेले असतील, तर कलवायला पातं कुठून आणणार?"

नीन्केचा काटा ताटात पडला. ती जिना चढतानाच हिद्देला फोन लावत होती.

"काढलंस?"

"काढतोय, थांब."

"काढू नकोस. मग सांगते. काढू नकोस फक्त."

गवतातली लोकर गोळा करायला बराच वेळ लागला. मग ती पात्यांच्या मागच्या मचाणावर चढली. खालचं पातं, मग बाजूची दोन, आणि वरच्या पात्याशी आल्यावर तिचा हात थांबला. माथ्यावरून उतरलेलं म्हणजे नक्की कुठल्या बाजूला? तिने आईने बघितलेला पहिला फोटो आठवला आणि डावीकडे पहिला ठोकळा लावला.

तेवढ्यात कोपऱ्यात नाव उमटलं. सीब्रेन.

ती जागची हलली नाही. तोही बाहेर गेला नाही. चालत आला, चक्कीखाली उभा राहिला, मग एकेक पायरी चढून मचाणावर तिच्या शेजारी. कट् असा आवाज झाला आणि माइक सुरू झाला. आधी ऐकू आल्या त्या कपबश्या, आणि भरल्या घरात माणसं हळू आवाजात बोलतात तसं काहीतरी. मग त्याचा आवाज, सर्दी झाल्यासारखा.

"तिकडे नाही. तू मागून बघतेयस. पुढून बघायचं असतं."

नीन्केने आपला ठोकळा काढला आणि त्याच्या पुढ्यात टाकला. त्याने तो उचलून पलीकडे बसवला. तिने दुसरा दिला. तिसरा दिला. 

खाली गवतात हिद्दे येऊन उभा राहिला होता. एरवी एका जागी न टिकणारा, आता पाय रोवून, आणि एकही कोंबडी न घेता.