टपोरी अक्षरं

शालूने अक्षरं पुन्हा बारीक केली, सेव्हचं बटण दाबलं आणि प्रोग्राम बंद करून परत उघडला. पडद्यावर तीच टपोरी अक्षरं आली. एका वेळी चार-पाच नावं मावत; पाण्याच्या टँकरची बाकीची यादी खाली दडलेली. तिच्या वडिलांना, अण्णांना, गल्ल्या तोंडपाठ होत्या. तिला यादीचाच आधार, आणि काल त्यात एक गल्ली सुटली होती.

फोन वाजला. वच्छलाबाई.

"काय गं बाई, आमची गल्ली तुमच्या कंपुटरात हाय का नाय? तुझा बाप असताना एक खेप चुकली नव्हती."

"उद्या पहिला टँकर तुमच्याकडंच, मावशी."

"उद्याचं उद्या. आज काय हंडे वाजवू?"

अण्णांना जाऊन महिना होत आला होता. फुलंब्री रस्त्याला वसाहती उठल्या होत्या, त्यांना नळ नव्हते, आणि पाऊस सलग दुसऱ्या वर्षी फिरकला नव्हता. टँकर थांबवून रडत बसायची सोय नव्हती.

दुपारी औरंगपुऱ्यातून हारिस आला. हा प्रोग्राम त्यानेच अण्णांना बसवून दिला होता. त्याने चहा बाजूला सारला, एक-दोन ठिकाणी उघडून पाहिलं आणि माउसवरचा हात काढला.

"ताई, बिघाड नाय काही. सेटिंगची फाइल लॉक आहे. मीच केली होती."

"का?"

"अण्णा बोलले होते." तो पडद्याकडेच पाहत राहिला. "मोतीबिंदू होता ना त्यांना. बोलले, पोरगी रविवारी येती, अक्षरं बारीक करून जाती. सोमवारी मला काय बी दिसत नाय."

दर रविवारी ती यायची. टेबल पुसायची, मोठी झालेली अक्षरं पुन्हा नीट करायची. अण्णा शेजारी बसून म्हणायचे, "झकास."

"मला सांगायचं होतं त्यांनी."

"मी पण तेच बोललो. तर हसले. बोलले, तिला करू दे रे. तू फक्त टिकू देऊ नको."

शालूने निवलेला चहा त्याच्यापुढे सरकवला.

"काढू का लॉक?"

तिने पडद्यावरची चार नावं पुन्हा वाचली.

"काढ."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने प्रोग्राम उघडला. सगळी नावं एकाखाली एक, तिने ठेवली तशी. ड्रायव्हर भिकन टँकर चालू ठेवूनच दारात आला.

"ताई, पहिली खेप कुठं?"

तिने प्रोग्राम बंद केला. जरा थांबून पुन्हा उघडला.

अक्षरं बारीकच होती.

"वच्छलाबाईंच्या गल्लीत," ती म्हणाली.