डाव्या कोपऱ्यातला खड्डा

क्लबच्या सेक्रेटरीचा फोन आला तेव्हा मामा जेवत होते. भोवरा येणार, रविवारी दुपारी मैदानावर त्याचा सत्कार, जुने चाहते कुठून कुठून येणार, आणि त्या दिवशी मैदानावरच्या पांढऱ्या रेषा मामांनीच आखाव्यात अशी सगळ्यांची इच्छा. निवृत्त होऊन सहा वर्षं झालेल्या माणसाला याहून मोठा मान कोणता द्यायचा? मामींना अर्धंच ऐकून भरून आलं. त्यांनी लगेच कपाटातला ठेवणीतला कोट काढून खिडकीत वाऱ्याला टांगला. मामा मात्र ताटातलं नुसतं चिवडत राहिले आणि पोट जड आहे म्हणून उठले.

मामा हे काही कुणाचे सख्खे मामा नव्हते. एकतीस वर्षं त्यांनी त्या फुटबॉलच्या मैदानाची निगा राखली, आणि खेळाडूंपासून तिकीटवाल्यापर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत. गवत कापायचं, पाणी द्यायचं, रोलर फिरवायचा, उखडलेली ढेकळं पायाने दाबून बसवायची. एवढ्या वर्षांत शेकडो खेळाडू आले नि गेले, पण मामांचा जीव जडला तो एकट्या भोवऱ्यावर.

भोवरा आफ्रिकेतून आला होता. हे नाव त्याला गॅलरीतल्या लोकांनी पहिल्याच सामन्यात ठेवलं. चेंडू पायाखाली दाबून तो असा काही उभा राहायचा, जणू बसची वाट बघतोय. समोरचा झेपावला की हा जागच्या जागी गिरकी घेई, आणि पुढच्या क्षणी चेंडूही नाही नि भोवराही नाही. एकदा त्याने गोलकीपरला चकवलं, चेंडू अगदी रेषेवर थांबवला, आणि पडलेला गोलकीपर उठून उभा राहीपर्यंत वाट पाहून मग अंगठ्याने आत ढकलला. दुसऱ्या कुणी केलं असतं तर मारामारी झाली असती. याच्या बाबतीत तो गोलकीपरसुद्धा हसला. हरलेल्यालाही हसवायची ती कला त्याच्याकडे होती. लोक कामावरून रजा टाकून त्याला बघायला येत आणि आठवडाभर त्याच गप्पा मारत.

सराव संपला की तो मामांच्या अवजारांच्या खोलीत यायचा, पालथ्या बादलीवर बसून स्वतःचे बूट स्वतः पुसायचा. मोडक्यातोडक्या बोलीत एकदा म्हणाला, "मामा, तुमचं गवत माझ्याशी बोलतं." मामा त्यानंतर कितीतरी दिवस छाती काढून चालत होते.

आणि त्याच मामांच्या हातून ते घडलं.

त्या आठवड्यात डाव्या कोपऱ्यातला पाण्याचा पाइप फुटला होता. खणून दुरुस्त केला, माती भरली, वर गवताचा तुकडा बसवला. सामन्याच्या सकाळी मामांनी पाय ठेवून पाहिलं तर खालची माती बसली होती. चार बोटं खोल खड्डा, आणि वरच्या गवतामुळे दिसायचा नाही असा. मामा बादलीत वाळूमाती कालवून निघाले. तेवढ्यात भोवरा एकटाच मैदानात उतरला आणि चेंडूशी खेळू लागला. टाचेवरून खांद्यावर, खांद्यावरून मानेवर. चेंडू कपाळावर तोलून तो जमिनीवर आडवा झाला आणि तसाच उठला. मामांनी बादली खाली ठेवली. दोनच मिनिटं बघू म्हणाले. दोनाची वीस झाली. मग फाटक उघडलं, कुणी जाळी बांधायला बोलावलं, कुणी झेंडे मागितले, आणि बादली राहिली ती राहिलीच.

एवढंच असतं तर विसरलो म्हणून मनाला समजावता आलं असतं. पण सामना सुरू होताच त्यांना आठवलं होतं. मध्यंतरात भरू, असं त्यांनी ठरवलं. मध्यंतर झालं तेव्हा भोवऱ्याने नुकताच गोल केला होता, आणि मामा हातात चहा घेऊन तिकीटवाल्याला तो गोल पुन्हा करून दाखवत होते. पंधरा मिनिटं त्यात गेली.

उत्तरार्धात भोवरा त्या कोपऱ्यात गेला. त्याच्यासमोर शहरातल्याच दुसऱ्या क्लबचा बचावपटू होता, धिप्पाड गडी. त्याच्याजवळून कुणी सहसा पुढे जात नसे, म्हणून त्याला कुलूप म्हणत. भोवऱ्याने गिरकी घेतली. त्याचा डावा पाय खड्ड्यात गेला, शरीर फिरलं आणि गुडघा फिरला नाही. त्याच क्षणी कुलूप चेंडूसाठी घसरत आला. हजारो लोकांनी पाहिलं ते एवढंच, की कुलूप आला आणि भोवरा ओरडून कोसळला. खड्डा पाहिला तो मामांनी एकट्यांनी, कारण तो कुठे आहे हे त्यांनाच माहीत होतं.

संध्याकाळी मैदान रिकामं झाल्यावर मामांनी खड्डा भरला. दुसऱ्या दिवशी चौकशीची माणसं आली, मैदान पाहून उत्तम म्हणाली. कुलूप कानीकपाळी ओरडत होता की मी त्याला शिवलोसुद्धा नाही. कुणी ऐकलं नाही. त्याच्यावर बंदी आली, बंदी संपल्यावर क्लबने त्याला काढून टाकलं. त्याच्या दारावर लोकांनी डांबर फासलं. भोवरा दोन शस्त्रक्रिया होऊनही पूर्वीसारखा खेळू शकला नाही. वर्षभर लंगडत धडपडला आणि बूट खुंटीला टांगून मायदेशी परतला. जाताना त्याने वर्तमानपत्राला सांगितलं, की मी कुलपाला माफ केलंय. लोकांनी ते वाचून डोळे पुसले. मामांनी तो अंक घडी करून पलंगाच्या गादीखाली ठेवला आणि बावीस वर्षं कुणाला काही सांगितलं नाही. मामींनाही नाही.

रविवारी सकाळी रेषा आखताना आयुष्यात पहिल्यांदा त्यांची रेष वाकडी गेली. दुपारी भोवरा आला. अंग सुटलं होतं, केस पांढरे झाले होते, हातात काठी होती. पण फाटकातून आत येताच कुणीतरी चेंडू टाकला, तो त्याने काठीनेच उचलून डोक्यावर घेतला, आणि सगळे लहान मुलांसारखे ओरडले. गर्दीतून वाट काढत तो सरळ अवजारांच्या खोलीत मामांकडे आला. बादली पालथी घातली, पण गुडघा वाकेना म्हणून भिंतीला टेकून उभा राहिला.

ते पाहिलं आणि मामांना राहवलं नाही. त्यांनी दार ओढून घेतलं आणि सगळं सांगितलं. पाइप, बादली, चहा, काही गाळलं नाही.

भोवरा काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिला. मग म्हणाला, "पाय खाली गेला, ते मला कळलं होतं. पण सगळे म्हणाले त्याने मारलं. डॉक्टर म्हणाला, पेपर म्हणाला. मग मीही तेच म्हणालो."

मामा मान खाली घालून उभे होते. माझ्यावर ओरड, काठी घाल, काहीतरी कर, असं त्यांना झालं होतं.

"मी त्याला माफ केलं, असं मी सगळीकडे सांगतो," भोवरा म्हणाला. "लोक टाळ्या वाजवतात. कशाची माफी, मामा? त्याने तर काही केलंच नव्हतं." मग दाराकडे वळून तो म्हणाला, "माझा गुडघा गेला तो गेला. त्याला सांगितलंत का?"

मामांनी मानेनेच नाही म्हटलं. भोवरा बाहेर गेला.

कार्यक्रमात मोठ्या पडद्यावर जुने गोल दाखवले आणि शेवटी तो प्रसंगही दाखवला. कुलूप दिसताच लोकांनी हुर्यो उडवली. भोवऱ्याने माइक मागून घेतला आणि सावकाश म्हणाला, त्या दिवशी मला कुणी मारलं नव्हतं, माझा पाय फसला, मी पडलो. लोक उठून उभे राहिले. केवढं मोठं मन या माणसाचं, असं म्हणत टाळ्यांचा कडकडाट झाला. शेजारी बसलेल्या मामींनीही पदर डोळ्यांना लावला. मामांना मात्र खुर्चीत बसवेना. खरं भर मैदानात सांगितलं गेलं आणि कुणाला ते ऐकूच गेलं नाही.

त्या संध्याकाळी त्यांनी मामींना सांगितलं. मामी रागावल्या नाहीत, रडल्या नाहीत. त्यांनी कोट हँगरला लावला, बटणं नीट केली आणि विचारलं, "त्या कुलपाची आई होती ना हो तेव्हा?"

कुलूप आता गाडी चालवायला शिकवत असे. बाजाराच्या मागे त्याचं छोटंसं ड्रायव्हिंग स्कूल होतं. मामांनी दोनदा फोन लावला आणि दोनदा न बोलताच ठेवला. तिसऱ्यांदा त्यांच्या तोंडून निघालं, की मला गाडी शिकायची आहे. सदुसष्टाव्या वर्षी. पलीकडचा आवाज म्हणाला, मंगळवारी दहाला या.

मामांनी जन्मात गवत कापायच्या यंत्राखेरीज काही चालवलं नव्हतं. कुलूप शेजारी बसला होता, डोक्याला टक्कल, आवाज मऊ. क्लच सावकाश सोडा, आरशात बघा, घाई नको. मामांना वाटलं होतं हा माणूस कडवट असेल. तो इतका शांत निघाला की बोलणं आणखी अवघड झालं. शेवटी शाळेच्या मागच्या रिकाम्या रस्त्यावर, पुढे बघत, स्टिअरिंग घट्ट धरून मामा म्हणाले, "त्या मैदानाचा माणूस मी. तिथे खड्डा होता. तुम्ही त्याला शिवला नव्हतात, मला ठाऊक होतं."

शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. कुलपाने तो दाबला. गाडी रस्त्याच्या मधोमध थांबली.

"किती खोल होता?" त्याने विचारलं.

"चार बोटं."

कुलपाने स्वतःची चार बोटं आडवी धरून पाहिली. मग तो आईबद्दल बोलला. ती सांगायची, बाबा रे, लागला असेल तुझा पाय, सॉरी म्हणून टाक आणि मोकळा हो. ती जाऊन आठ वर्षं झाली, शेवटपर्यंत तिला हेच वाटत होतं. इतक्या लोकांनी इतक्यांदा सांगितल्यावर त्यालाही वाटू लागलं होतं, की लागला असेल बहुतेक. स्वप्नातसुद्धा आता त्याचा पाय लागायचा.

मामा माफी मागू लागले. त्याने हात वर करून थांबवलं.

"ते नंतर बघू. आधी लिहून द्या. सहीनिशी. पेपरात आलं पाहिजे."

"देतो."

"लोक तुम्हाला सोडणार नाहीत."

"ठाऊक आहे."

"आता डावीकडे वळा," कुलूप म्हणाला. "इंडिकेटर आधी."

लिहायला मामांना चार दिवस लागले. भोवऱ्याला बघण्याच्या नादात बादली राहिली, हे लिहायचं की नाही यावर ते अडून बसले होते. ती सबब वाटेल, असं त्यांना वाटत होतं. मामी म्हणाल्या, घडलं तसं लिहा. त्यांनी मध्यंतरातला चहाही लिहिला.

बुधवारच्या अंकात ते आतल्या पानावर छापून आलं. सेक्रेटरीचा फोन आला, त्याने मामांना मामा म्हटलं नाही. तिकीटवाला रस्त्यात दिसला आणि फुटपाथ बदलून गेला. मुलीने फोनवर विचारलं, "बाबा, लहानपणी आम्ही त्या माणसाच्या नावाने खडे फोडायचो, तेव्हा तुम्ही समोरच बसलेले असायचात ना?" मामा हो म्हणाले. भोवऱ्याकडून काही निरोप आला नाही.

शुक्रवारी कुलपाचा फोन आला. त्याने कात्रण बहिणीला वाचून दाखवलं होतं, ती पुष्कळ रडली, एवढंच त्याने सांगितलं. मामा वाट बघत राहिले, की हा आणखी काही म्हणेल.

"माफ करा, असं म्हणायचा हक्क मला नाही," मामा म्हणाले.

"नाही," कुलूप म्हणाला, आणि थोडा वेळ फोन तसाच धरून राहिला. मग त्याने फोन ठेवला.