वरच्या खोलीतला फोन

"कागद परत नाय गेलो, बाबलीकाका," संजना म्हणाली. प्रिंटरच्या पट्टीवर तिसऱ्यांदा लाल अक्षरं उमटली होती.

बाबलीने तार उपसून पुन्हा खोचली. छत्तीस वर्षं टेलिफोन खात्यात लाइनमन असलेला माणूस. डिचोली तालुक्यातले खांब त्याला अजून तोंडपाठ. पण फॅक्सवाला प्रिंटर त्याच्या हाताखाली पहिल्यांदाच आला होता. संजनाने तो शिकवणीच्या मुलांसाठी घेतलेला. त्याला फोनची तार लागते हे कारापुरात आजवर कुणाला ठाऊक नव्हतं आणि ठाऊक असण्याचं कारणही नव्हतं.

आज कारण होतं. तिचा नवरा श्रीनाथ तीन दिवसांपूर्वी बोटीवर पडला होता आणि जपानच्या एका इस्पितळात बेशुद्ध होता. डोक्याचं ऑपरेशन आजच करायचं तर बायकोच्या सहीचा कागद इथल्या चारच्या आत हवा, तोही फॅक्सनेच. मोबाइलवरचा फोटो त्यांनी मानला नव्हता. साडेतीन वाजून गेले होते.

त्याने पुन्हा नंबर लावला आणि प्रिंटरला कान दिला. शीळ वाजली, पलीकडून दुसरी आली, आणि मध्येच एक म्हातारा आवाज घुसला. "हॅलो? श्रीनाथ, तू रे?"

"सासूमांय!" संजनाने कपाळाला हात लावला. "वर तेंच्या खोलीत फोन आसा. तेंका अजून काय्येक सांगूक नाय."

खाली नंबर लागला की वरची घंटी किणकिणायची, आणि म्हातारी रिसीव्हर उचलायची. ती वरची जोडणी पूर्वी बाबलीनेच दिली होती. नेमकी तीच विसरलो, म्हणून त्याला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. तार काढायला तो धावतच जिना चढला.

म्हाताऱ्या कमलाक्षीच्या हातात रिसीव्हर तसाच होता. "बाबली, फोनात कोणतरी शीळ घालता. रविवार गेलो, झिलाचो फोन इलो नाय. सून न्हाणयेत जावन रडता. माका खुळी समाजतत? तू तरी सांग."

खांबावर बसून बाबलीने अर्ध्या तालुक्याची बोलणी ऐकली होती, मोडलेली लग्नं, भावाभावांची भांडणं. पण एका घरचा शब्द कधी दुसऱ्या कानी घातला नव्हता. आयुष्यात मिरवावं असं त्याच्यापाशी तेवढंच होतं. आज त्याने ते मोडलं.

"जितो आसा, वयनी. पण डोक्याचा ऑपरेशन करूचा आसा. खालसून सहीचो कागद धाडूचो आसा. तुमी फोन उचलल्यार लाइन तुटता."

कमलाक्षीने रिसीव्हर जागेवर ठेवला, आणि बाबली पुढे होईपर्यंत भिंतीतली तार आपल्या हाताने उपटली.

"जा. बेगीन जा."

खाली संजनाने बटण दाबलं. कागद आत सरकू लागला, मध्येच थांबला, पुन्हा सरकला. चारला सात मिनिटं असताना पट्टीवर हिरवी अक्षरं आली.

बाबलीने वर पाहिलं. गुडघे धरल्यापासून खोलीबाहेर न पडलेली म्हातारी जिन्याच्या तोंडाशी उभी होती. उपटलेल्या तारेचं टोक तिने मुठीत घट्ट धरलं होतं.

"गेलो?"

"गेलो, वयनी."

"मगे," तिने हळूच विचारलं, "आता ही लावू मां रे?"