गालाला गाल लावायचा राहिला

भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंचा बावीस वर्षांचा एक नेम होता. पोट चिरून बाळ बाहेर आलं, रडलं, पुसून झालं, की ते सगळ्यांत आधी आईच्या गालाला लावायचं. मग वजन, मग दुपटं, मग उरलेली दुनिया. त्यासाठी आई जागी हवी, म्हणून बाई शक्यतो पाठीतच इंजेक्शन द्यायच्या. कमरेखालचं अंग बधिर होतं, पण बाईमाणूस शुद्धीवर राहते.

साथ आली आणि भल्याभल्यांचे नेम मोडले.

त्या सकाळी टेबलावर चित्रकलेची शिक्षिका होती. पहिलटकरीण. आठवा सरत आलेला, आजार छातीत उतरलेला, तोंडावर प्राणवायूचा मास्क. नवरा घरी तापाने फणफणत होता, सासू तेवढी बाहेर बाकावर बसली होती.

"पूर्ण भूल दे," बाईंच्या कानाशी येऊन सर्जन म्हणाल्या. त्या प्लास्टिकच्या पोशाखात कानाशी म्हणजे ओरडूनच. "मध्येच धापा टाकायला लागली तर त्रेधा उडेल आपली."

"पूर्ण भूल म्हणजे घशात नळी. या छातीत एकदा नळी गेली की ती निघेलच, असं कोणी सांगावं? पाठीत देते. उशाकडची बाजू उंच ठेवू. अगदीच वेळ आली तर नळी हाताशी आहे."

"बघ बाई. निस्तरायचं तुलाच."

शिक्षिकेने सगळं ऐकलं होतं. "मॅडम, मला झोपवू नका हं. बाळाला बघायचंय मला. आठ महिने नुसत्या लाथा खाल्ल्यात."

"जागीच राहणार आहेस तू. पाठ वाकव बघू, मांजरासारखी."

कोणाचा चेहरा कोणाला दिसत नसे, म्हणून बाईंनी पोशाखावर छातीपाशी मार्करने हसरं तोंड काढलं होतं. शिक्षिकेची नजर तिथे गेली.

"नाक राहिलंय," ती धापा टाकत म्हणाली. "दहापैकी चार."

बाई हसल्या तशी त्यांच्या चष्म्यावर वाफ धरली. मनात देवाचं नाव घेतलं आणि सुई टोचली. मग गार बोळा पोटावर फिरवत विचारलं, "थंड लागतंय?"

"नाही. हे पाय कोणाचे आहेत हो?"

थोड्याच वेळात मुलगी झाली. रडली ती अशी, की सर्जनसुद्धा क्षणभर थांबल्या.

"आवाज सासूबाईंवर गेलाय," शिक्षिका मास्कआडून एकेका श्वासाला एकेक शब्द टाकत म्हणाली. "आणा ना इकडे."

नर्स बाळाला गुंडाळून दोन पावलांवर उभी होती. "बाई, नियम आहे. आईजवळ न्यायचं नाही, थेट काचेच्या खोलीत." पण ती हलली नाही. बाईंचा नेम तिला ठाऊक होता. बाईंनी नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं.

बाईंचा हात पुढे झाला, तसाच अधांतरी राहिला. "ने," त्या म्हणाल्या. मग शिक्षिकेवर वाकल्या. "उद्या दाखवते हं. आधी दम जरा बसू दे."

"उद्या नक्की?"

"नक्की."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला फोनवर बाळ दाखवायचं ठरलं. सातलाच तिचा प्राणवायू घसरू लागला. नळी घालायला बोलावणं आलं ते बाईंनाच. आज त्यांनी चित्राला नाक काढलं होतं. शिक्षिकेने ते पाहिलं. बोलण्याएवढा श्वास नव्हता. तिने पंजा उघडून पाच बोटं दाखवली. एक गुण वाढवला होता.

नळी निघाली नाही. नवव्या दिवशी दुपारी सगळं संपलं.

सासू नातीला न्यायला आली तेव्हा बाई काचेच्या खोलीबाहेर उभ्या होत्या. म्हातारीने बाळ छातीशी धरलं आणि विचारलं, "त्या दिवशी उशाशी तुम्हीच होतात ना? एवढंच सांगा बाई. तिने बघितलं का हो हिला?"

'हो' म्हणणं सोपं होतं. खोटं पाडायला कोणी येणार नव्हतं.

"नाही," बाई म्हणाल्या. "दोन पावलांवर होती ही. मी दाखवायला हवं होतं. मी उद्या म्हटलं."

म्हातारी बराच वेळ दुपट्याची कड नीट करत राहिली. नीट असलेलीच.

"रडणं ऐकलं तिने," बाई म्हणाल्या. "म्हणाली, आवाज सासूबाईंवर गेलाय."

म्हातारीच्या तोंडून हसू फुटलं आणि अर्ध्यातच मोडलं. "द्वाड कुठली. जाता जाताही मला सोडलं नाही."

तेवढ्यात मुलीने भोकाड पसरलं. सगळा व्हरांडा दणाणला. तिला गप्प करायला दोघींपैकी एकीचाही हात लगेच पुढे झाला नाही. उभ्या उभ्या दोघी ऐकत राहिल्या.