डोलीतला दिवा

रविनाने कॉलेजात पानाच्या शिरा पाहून एक पातळ पट्टी बनवली होती. ती वाकली की वीज तयार व्हायची. तिने ती आजारी बापाच्या, म्हणजे माझ्या भावाच्या छातीला चिकटवली. मंगळूने श्वास घेतला की पट्टीवरचा बारीक दिवा लुकलुकायचा.

सकाळी त्याला धाप लागली. पाड्याला रस्ता नाही. मतं मागायला मात्र सगळे पायी येतात. आम्ही बांबूला चादर बांधून डोली केली. चढणीवर दिवा भराभर लुकलुकत होता. "बाबा आहे," रविना म्हणत राहिली, आम्ही पाय उचलत राहिलो.

डांबरी रस्त्यावर दवाखान्याची गाडी उभी होती. डोली टेकवली आणि दिवा विझला. इतका वेळ तो आमच्या पावलांच्या हिसक्यांनी पेटत होता.

रविनाला ते आमच्याआधी कळलं.

"काका," ती म्हणाली, "परत उचला."

आम्ही उचलली.