पगाराचा रकाना

मदत मिळवायची असली की लोक पगार कमी सांगतात. मी जास्त सांगितला. असा दीडशहाणा आमच्या अख्ख्या कारखान्यात दुसरा सापडायचा नाही.

कारखाना खोक्यांचा. पुठ्ठा कापायचा, घड्या पाडायच्या, गठ्ठे बांधायचे. तिथे मी नऊ वर्षं सुपरवायझर होतो. मग मालक बदलले, नव्यांनी आपली माणसं आणली आणि मला परत कापायच्या मशीनवर उभं केलं. पगार तिसऱ्या हिश्शाने उतरला. घरी मी ठोकून दिलं की फंडाची कपात वाढली आहे. बायको वारल्यापासून घरात मी आणि मुलगी दोघंच. तिच्यासमोर मान खाली घालायची माझी तयारी नव्हती. आज सांगू, उद्या सांगू करत दोन वर्षं गेली.

मुलगी बारावी झाली. तिला कॉलेज नको होतं, लिफ्ट दुरुस्तीचं काम शिकायचं होतं. चौदा आठवड्यांचा कोर्स, वर्षातून एकदाच निघणारा, आणि संपला की नोकरी ठरलेली. फी ऐकून मला घाम फुटला. पण अशा छोट्या कोर्सची फी भरणारी एक सरकारी योजना होती. बारावीनंतर एका वर्षाच्या आत अर्ज करायचा. मुलीने सुवाच्य अक्षरात सगळा अर्ज भरला, फक्त पगाराचा रकाना सोडला आणि कागद माझ्यापुढे सरकवला.

मी सुपरवायझरचा पगार लिहिला. कारखान्याच्या हिशोबनिसाच्या मुलाला याहून मोठ्या पगारावर मदत मिळाली होती, तेव्हा अब्रूही राहील आणि फीही मिळेल, असा माझा हिशोब. त्याचा मुलगा पदवीला होता, आणि छोट्या कोर्सची मर्यादा बरीच खाली होती. हे सूचनांमध्ये छापलेलं होतं. पण नऊ वर्षं दुसऱ्यांना सूचना देणाऱ्याने स्वतः कशाला वाचायच्या? पुरावासुद्धा मर्यादेच्या आतल्यांनीच जोडायचा होता. जास्त पगार सांगणाऱ्याकडे पुरावा कोण मागतो?

नकाराचं पत्र आलं. मुलीने ते वाचलं, घडी घातली, ‘असू दे’ म्हणाली आणि भांडी घासायला गेली.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी त्या ऑफिसात गेलो. खिडकीतल्या बाईंना सगळं खरं सांगितलं. परक्या माणसाला सांगायला काही वाटलं नाही, हे नवलच. त्यांनी दुरुस्तीचा अर्ज दिला. आठ दिवसांची मुदत होती.

“पगाराची खरी स्लिप जोडा आणि खाली मुलीची सही आणा,” त्या म्हणाल्या. “अहो, चुका होतातच. काम होऊन जाईल.”

मुलीची सही. म्हणजे तो खरा आकडा तिच्यासमोर ठेवणं आलं. रोज संध्याकाळी मी तो अर्ज खिशात घेऊन घरी जायचो आणि रोज सकाळी तसाच परत आणायचो. आठव्या दिवशी पाच वाजता ऑफिस बंद झालं, तेव्हा मी मशीनवर पुठ्ठा कापत होतो. खरं सांगतो, पाच वाजून गेल्यावर मला हलकं वाटलं. आज सगळ्यात जास्त लाज मला त्याचीच वाटते.

मुलगी एका कपड्यांच्या दुकानात लागली. दिवसभर उभं राहून लोकांनी विस्कटलेले कपडे घड्या करून ठेवायचे. तीन महिन्यांनी एका संध्याकाळी ती गरम पाण्यात पाय सोडून बसली होती. सुजलेले पाय बघवेनात, आणि मी एका दमात सगळं बोलून टाकलं. मशीन, पगार, रकाना, सगळं. माझं मलाच रडू आलं.

ती म्हणाली, “मला माहीत होतं, बाबा. सुपरवायझरच्या बाह्यांना ग्रीस लागतं का? कपडे मीच धुते ना.”

“मग बोलली का नाहीस?”

“मी बोलले असते तर तुम्हाला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं.”

निदान ऑफिसात तरी जाऊन विचारायचंस, असं मी म्हणालो. म्हणजे निर्लज्जपणा बघा, अजूनही मी तिचीच चूक शोधत होतो.

“गेले होते,” ती म्हणाली. “त्या बाई म्हणाल्या, तुझे वडील कालच अर्ज घेऊन गेले, फक्त तुझी सही राहिली आहे. म्हणून मी काही बोलले नाही. रोज वाटायचं, आज मागतील. शेवटच्या दिवशी तर तुमच्याबरोबर ऑफिसात जायचं म्हणून पाच वाजेपर्यंत तयार होऊन बसले होते.”