करंगळीखालचा ओघळ

मित्रांनो, मी एक जुनी इलेक्ट्रिक गिटार आहे. पिवळी. साधी लिंबासारखी पिवळी नव्हे. रस्ते खोदणाऱ्या यंत्रांचा असतो ना, तो पिवळा. लांबून दिसतो आणि डोळ्यांत घुसतो. माझ्या पोटावर, बटणांच्या जरा वर, रंगाचा एक ओघळ आहे. खाली घसरता घसरता तिथंच वाळलेला. मला हातात घेणारा जो तो त्याच्यावरून अंगठा फिरवतो आणि चुकचुकतो, "अरेरे, इथं बिघडलंय."

परवा तर एक पॉलिशवाला आला. मला उलटीपालटी केली, बैल विकत घेताना दात बघतात तशी, आणि म्हणाला, "द्या माझ्याकडे. अगदी नव्यासारखी करून देतो."

नव्यासारखी! मी नवी होते तेव्हा कशी होते, हे त्याला काय ठाऊक? बसा जरा खाली. सांगते.

मी आले तेव्हा गिटार नव्हतेच मुळी. एका खोक्यात सुटे भाग होते. लाकडाचं धड वेगळं, मान वेगळी, तारांचं वेटोळं, तारांचा आवाज पकडणारे चुंबकाचे दोन ठोकळे, स्क्रूंची पिशवी, आणि नुसती चित्रं असलेला एक कागद. धडाला रंगाचा थेंब नव्हता. दाराच्या कोऱ्या फळीसारखं लाकूड, आणि त्यावर स्क्रू बसवायला आधीच पाडलेली बारीक भोकं. ती भोकं ध्यानात ठेवा, त्यांच्यावरून पुढं रामायण झालं.

खोकं मागवलं होतं घरातल्या लेकीनं. ती चपलांच्या दुकानात कामाला होती आणि संध्याकाळी चार मैत्रिणींच्या बँडमध्ये दुसऱ्याची गिटार मागून वाजवायची. तयार गिटार घ्यायची सोडून तिनं हा सुट्या भागांचा पसारा का आणला? तर तिच्या बापासाठी.

बापाला सगळे उस्ताद म्हणायचे. गॅरेजमध्ये गाड्यांचे पोचे काढून रंग मारायचे. ठोकलेली गाडी त्यांच्या हाताखालून गेली, की ठोकणाऱ्यालाही आठवायचं नाही कुठं ठोकली होती ते. मग त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी चहाच्या कपात, मग रंग फवारायच्या गनवर. गॅरेजच्या मालकानं एक दिवस फाटकापाशी स्टूल मांडलं आणि गोड आवाजात म्हणाला, "उस्ताद, आता आराम. तुम्ही इथं बसायचं, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघायच्या."

उस्ताद त्या स्टुलावर अर्धा दिवस बसले आणि उठून घरी आले. गन फडक्यात गुंडाळून कपाटावर टाकली. तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून बसायचे. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गनला हवा पुरवणारा त्यांचा छोटा कॉम्प्रेसर होता, त्यावर कोंबडी बसायला लागली.

लेकीनं माझं धड त्यांच्या मांडीवर ठेवलं. "बाबा, एवढं रंगवून द्या."

"रंगवायला माणसं मिळतात बाजारात."

"मिळतात की. पण त्यांच्या कामाला मी नावं ठेवली तर ती ऐकून घेणार नाहीत."

"आणि मी ऐकून घेईन?"

"तुम्हीही नाही घेणार. पण भांडण घरातल्या घरात राहील."

आतून आई ओरडली, "घ्या हो करायला! रोज बघून बघून त्या भिंतीचे पोपडे पडायला लागलेत."

उस्तादांना सगळं कळत होतं. "मला गोंजारायला आणलंय हे," म्हणाले. पण लाकडावरून हात मात्र फिरत होता. तो थरथरणारा हात मला आवडला, खोटं कशाला बोलू. गुदगुल्या होत होत्या.

"रंगवणार नाही. नुसतं बघतो," असं म्हणून मला शेडमध्ये घेऊन गेले. कोंबडीला हाकललं.

आता गंमत ऐका. ज्या माणसानं जन्मभर गाड्यांचे खड्डे बुजवले, त्याला भोक दिसलं की राहवत नाही. उस्तादांनी पुट्टी कालवली आणि माझ्या अंगावरचं एकूण एक बारीक भोक भरून टाकलं. त्यावर पाण्यात भिजवलेला घासकागद फिरवला, पुन्हा पुट्टी, पुन्हा घासणं. चुंबकांचे मोठे चौकोनी खड्डे तेवढे सुटले, तेही पुट्टी संपली म्हणून.

दोन दिवसांनी साडू आले. साडू म्हणजे आईच्या बहिणीचे यजमान. रेडिओ दुरुस्त करायचे, म्हणून माझ्या पोटातल्या वायरी जोडायचं काम त्यांच्याकडे होतं. त्यांनी मला उजेडात धरलं. फिरवलं. चष्मा पुसला. पुन्हा फिरवलं.

"साडूबुवा, भोकं कुठं गेली?" त्यांनी उस्तादांना विचारलं.

"कसली भोकं?"

"अहो, स्क्रूची! तारा जिथं अडकवायच्या ती पट्टी कशावर बसवू?"

"ती होय? भरून टाकली." उस्तादांची छाती फुगलेली. "लाकूड नव्हतंच ते, चाळणी दिली होती नुसती. आता बघा, हात फिरवा. सापडतंय का एक तरी?"

सापडत नव्हतं ना! तीच तर पंचाईत. साडू मटकन खाली बसले आणि असे हसले, असे हसले, की आई लाटणं हातात घेऊनच बाहेर आली. उस्तादांचं तोंड आधी पडलं, मग तेही हसायला लागले. त्या घरात ते फार दिवसांनी हसले होते. आणि कुणाच्या जिवावर? माझ्या. लक्षात ठेवा.

मग लेकीनं आईच्या शिवणाच्या डब्यातला दोरा घेतला. मानेच्या टोकापासून मानेवरच्या बाराव्या आडव्या पट्टीपर्यंत ताणला, तेवढाच पुन्हा पुढं ताणला, आणि दोरा संपला तिथं खूण केली. तारांची टोकं तिथं टेकायला हवीत, नाहीतर मी जन्मभर बेसूर. साडूंनी जुन्या भोकांना लागून नवी भोकं पाडली.

"मी पाडतो, तुम्ही बुजवता," ते म्हणाले. "दोघांना मरेपर्यंत काम पुरेल."

मग आली रंगाची पाळी. लेकीला काळा हवा होता. उस्ताद म्हणाले, "काळ्याखाली काहीही लपतं. पिवळ्यात काही लपत नाही. मारायचा तर पिवळा." बघा, हात थरथरतोय आणि माणूस रंग निवडतो तो सगळ्यात चहाडखोर! मला तेव्हाच हा माणूस पटला.

कपाटावरची गन खाली आली. मला आकड्याला टांगलं. डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरून उस्तादांनी पहिला हात मारला. बारीक, धुक्यासारखा. वाळू दिला. दुसरा मारला. तिसरा. लेक दारात उभी होती. वर चकाकीचा शेवटचा हात, त्यातही पिवळा जरा मिसळलेला. वरून खाली, वरून खाली, आणि बटणांच्या वर आल्यावर मनगट निसटलं. गन एका जागी क्षणभर जास्त थांबली. तेवढंच. रंग जाड झाला आणि हळूच खाली घसरला.

ओल्या रंगाला बोट लावायचं नसतं. तो घसरताना नुसता बघायचा असतो. उस्तादांनी बघितला. मग गन खाली ठेवली.

"मालक खरं बोलत होता," एवढंच म्हणाले.

रंग वाळल्यावर त्यांनी मला पोत्यात गुंडाळून शेडच्या दारामागं उभी केली. पुढं किती दिवस मी तिथं होते कुणास ठाऊक. पोत्याचा वास, कोंबडीची पिसं आणि अंधार. लेकीनं शोधून काढलं तेव्हा उस्ताद तिच्याकडे न बघता म्हणाले, "लाकूडच तसलं होतं. ओघळ कंपनीतूनच आला असणार."

ऐकलंत? कंपनीतून! अहो, मी आले तेव्हा कोरी होते, कोरी! आणि ओघळ आला तेव्हा लेक दारातच उभी होती. ओघळाचं मला काही वाटलं नव्हतं. पण हे ऐकून माझं डोकं फिरलं. मला तोंड असतं तर तिथंच भांडले असते. माझा रंग तुमचा आणि माझा ओघळ परक्याचा, हा कुठला न्याय?

लेक आणि साडू यांनी मला जोडलं. मान बसली, वायरी जोडल्या, तारा चढल्या. आवाज मोठा करणाऱ्या यंत्राला लावून पहिल्यांदा तार छेडली तेव्हा मी अशी किंचाळले की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. बेसूर नाही हां, मोठ्यानं.

उस्ताद म्हणाले, "चारचौघांत नेऊ नकोस. आधी कुणाकडून तरी तो ओघळ घासून घे."

"घासायचा तर तुम्ही घासा," लेक म्हणाली. "दुसऱ्याचा हात लागू देणार नाही."

उस्ताद शेडकडे फिरकले नाहीत आणि ओघळ तसाच राहिला. दोघंही हट्टी. बापाची लेक. शेजारी कुणी विचारलं तर उस्ताद तेच सांगायचे, "रंग कंपनीचा." इकडे वाजवता वाजवता लेकीची करंगळी आपोआप त्या ओघळावर टेकायला लागली. तिथं उंचवटा होता ना बारीकसा. एकदा करंगळी तिथं टेकली की बाकीच्या बोटांना न बघता तारा सापडायच्या. मग ती मान वर करून समोर बघत वाजवायला लागली. आधी सारखी तारांकडेच बघायची.

आणि अशात गॅरेजच्या मालकानं नवी रंगाची शेड बांधली. उद्घाटनाला गाणं-बजावणं हवं म्हणून त्यानं लेकीचा बँड बोलावला. उस्ताद म्हणाले, "मी येणार नाही." आईनं इस्त्रीचा शर्ट खाटेवर ठेवला. ते आले. सगळ्यांच्या मागं, भिंतीला टेकून उभे राहिले.

लेकीनं वाजवलं. झकास वाजवलं. पत्रे दणाणले. गाणं संपल्यावर मालक पुढं आला, मला हातात घेतलं, आणि रंगवाल्यांची सवय, अंगठा बरोबर ओघळावर गेला.

"रंग फक्कड आहे," तो म्हणाला. "पण हा बघा ओघळ. कंपन्या काय वाट्टेल ते विकतात हल्ली."

लेकीनं मागं बघितलं. सुटका समोर तयार होती, उस्तादांना नुसतं गप्प राहायचं होतं. मी तर तारा ताणून बघत होते, आता काय करतो हा माणूस.

उस्ताद गर्दीतून पुढं आले. हात थरथरत होता आणि त्यांनी तो खिशात घातला नव्हता.

"कंपनी-बिंपनी काही नाही. रंग माझा आहे. ओघळही माझाच आहे."

मालक गडबडला. "तुमचा? मग घासून का नाही काढलात, उस्ताद?"

"माझ्या लेकीची करंगळी बसते तिथं. घासून काढला तर ती कुठं बसवू? तुमच्या फाटकावरच्या स्टुलावर?"

आधी गर्दीतले साडू फुटले, आणि मग अख्खी शेड हसली. मालकही हसला, पण जरा उशिरानं. "तसं नाही हो," म्हणाला. "या ना तुम्ही परत. उद्याच या."

"फाटकावर की आत?"

मालकाची नजर उस्तादांच्या हाताकडे गेली आणि तिथंच अडकली.

"बघा," उस्ताद म्हणाले, "आता तुमचं मन थरथरलं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी शेडच्या दोन खांबांना झाडूचा दांडा आडवा बांधला, त्यावर मनगट टेकवलं आणि आईचं धान्याचं पिंप रंगवलं. पिवळं. मग शेजारच्या सायकली आल्या, मग शाळेची बाकं आली. काम घ्यायच्या आधीच सांगायचे, "एखादा ओघळ येईल. चालत असेल तर ठेवा, नाहीतर उचला." काही लोक उचलून न्यायचे. उस्ताद कुणाला थांबवायचे नाहीत.

उस्ताद आता नाहीत. गन माझ्या शेजारीच खिळ्याला टांगलेली आहे. लेकीचे केस पांढरे झाले, ती याच शेडमध्ये तुमच्यासारख्या पोरांना गिटार शिकवते. माझी मान घासून गुळगुळीत झाली, पाठीवर पट्ट्याच्या बक्कलचे ओरखडे आहेत, बटणं दोनदा बदलली. त्या पॉलिशवाल्याला तिनं एवढंच सांगितलं, "चहा घ्या आणि निघा."

तर मित्रांनो, माझी काळजी जरूर घ्या. वाजवून झालं की तारांवरचा घाम कोरड्या फडक्यानं पुसा, तारांना गंज चढतो. उन्हात ठेवू नका, मान वाकते. भिंतीला तिरकी टेकवून पळू नका, मी पडते आणि मग तुम्ही एकमेकांची नावं सांगता. पडले तर पडले, पण पाडलं त्यानंच सांगायचं, "मी पाडलं." एवढं ऐकलं की माझा राग जातो.

नव्यासारखी मात्र मला करायची नाही. काचेच्या कपाटात ठेवायची नाही, आणि बिचारी तर अजिबात म्हणायचं नाही. ज्याला चुकचुकायचं असेल त्यानं बाहेर कोंबड्यांपाशी जाऊन चुकचुकावं.

चला, कोण आहे पुढं? घे मला मांडीवर. खाली बघू नकोस. करंगळी टेकव. सापडला ओघळ? मग आता वाजव.